चष्म्याआडचा प्रियकर

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सुपरहिरोंच्या कथांविषयीचे एखाददुसरे पत्र या सदराकडे दर महिन्याला येतेच. या वेळी मात्र बरीच पत्रे एकाच गाठीभोवती फिरणारी निघाली. नायक आपली खरी ओळख लपवतो आणि त्याच वेळी प्रेमातही पडतो, मग या दोन गोष्टींचे एकमेकींशी नाते काय, असे बहुतेकांनी आपापल्या परीने विचारले आहे. विषय मला फार जवळचा आहे, म्हणून इतर प्रश्न बाजूला ठेवून हा संपूर्ण अंक त्यालाच दिला आहे.

प्रश्न : नायिका मुखवट्यातल्या वीरावर भाळते आणि त्याच माणसाच्या साध्या रूपाकडे ढुंकूनही पाहत नाही, हा प्रकार जवळजवळ प्रत्येक सुपरहिरोच्या कथेत दिसतो. ही कल्पना प्रथम कोणाला सुचली आणि ती इतकी वर्षे का टिकली?

उत्तर : कल्पना सुपरहिरोंपेक्षा जुनी आहे. बॅरोनेस ऑर्झी यांची ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’ ही कादंबरी १९०५ साली प्रसिद्ध झाली, आणि तिचे नाट्यरूप त्याआधीच, १९०३ मध्ये, रंगभूमीवर आले होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गिलोटिनखाली जाणाऱ्या माणसांना सोडवून आणणारा धाडसी इंग्रज म्हणजे प्रत्यक्षात सर पर्सी ब्लेकनी, ज्याला सगळे लंडन कपड्यांच्या घड्या सांभाळणारा बिनडोक छानछोकी गृहस्थ समजते. त्याची पत्नी मार्गरिट हीही तेच समजते आणि त्या अनामिक वीराबद्दल मनोमन आदर बाळगते. पुढे १९१९ मध्ये जॉन्स्टन मॅकली यांनी झोरो निर्माण केला. तिथेही लोलिता नावाची तरुणी आळसावलेल्या डॉन दिएगोला नाकारते आणि झोरोवर जीव टाकते. मग जून १९३८ अशी तारीख छापलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी सुपरमॅन आणला. त्याच अंकात चष्मा लावणाऱ्या बातमीदाराच्या साध्या रूपातला सुपरमॅन, म्हणजे क्लार्क केंट आहे, आणि त्याच्याच कचेरीतली बातमीदार लोइस लेनही आहे. म्हणजे सुपरहिरो आणि त्याचे हे विचित्र प्रेमप्रकरण यांचा जन्म एकाच दिवशीचा आहे.

त्या पहिल्या अंकातला एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. क्लार्क लोइसला आपल्याबरोबर बाहेर येण्याविषयी विचारतो आणि ती काहीशा उपकाराच्या भावनेने होकार देते. दोघे नृत्य करत असताना एक दांडगट मध्ये घुसतो आणि लोइसबरोबर नाचण्याचा हट्ट धरतो. क्लार्क भेदरल्याचे सोंग आणून मागे सरतो. लोइस मात्र त्या गुंडाच्या थोबाडीत मारते, क्लार्कला भेकड म्हणून सुनावते आणि टॅक्सीत बसून निघून जाते. चिडलेला गुंड साथीदारांसह तिला पळवतो, सुपरमॅन त्यांची मोटार गाठतो, उचलतो आणि खडकावर आपटतो. त्या अंकाचे मुखपृष्ठ जगभर ओळखले जाते. हिरवी मोटार डोक्यावर उचललेला सुपरमॅन आणि जीव मुठीत धरून पळणारी माणसे अनेकांनी पाहिलेली असतात. पण ती मोटार एका फसलेल्या भेटीच्या रात्रीची आहे, हे मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात असते. दुसऱ्या दिवशी कचेरीत लोइस क्लार्कशी पूर्वीच्याच थंडपणाने वागते.

सीगल यांनी पुढे सांगितले होते की, शाळकरी वयात त्यांना ज्या मुली आवडत त्यांना हा मुलगा अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसे, आणि आपल्यात काहीतरी अद्भुत असते तर त्यांनी आपल्याकडे पाहिले असते का, या विचारातून क्लार्कची मांडणी झाली. बुजऱ्या माणसाच्या मनातली ही हुरहुर आहे आणि ती कोणत्याही काळात जुनी होत नाही. लोइसच्या चित्रासाठी शुस्टर यांच्यासमोर बसलेल्या तरुणीशीच सीगल यांचा १९४८ मध्ये विवाह झाला, हेही इथे सांगितलेच पाहिजे.

परंतु १९३८ मध्ये एक गोष्ट खरोखर नवी घडली आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. झोरोच्या मूळ कथेत मुखवट्यामागे कोण आहे हे वाचकालाही शेवटीच कळते. पिंपर्नेलचे रहस्यही वाचकाला मार्गरिटच्या सोबतीने, कथा बरीच पुढे गेल्यावर उलगडते. सुपरमॅनच्या बाबतीत वाचकाला पहिल्याच पानावर सर्व काही ठाऊक असते. ‘तो कोण?’ हा प्रश्न शिल्लक राहत नाही आणि ‘तिला कधी कळणार?’ हा प्रश्न सुरू होतो. ‘संगीत सौभद्र’ पाहणाऱ्यांना हा आनंद नवा नाही. यतीच्या वेषातला अर्जुन समोर बसलेला असतो, त्याच्या सेवेला नेमलेली सुभद्रा त्याच अर्जुनासाठी झुरत असते, आणि श्रीकृष्णाप्रमाणे प्रेक्षकालाही सगळे माहीत असल्यामुळे तिच्या प्रत्येक वाक्यातून त्याला दोन अर्थ ऐकू येतात. सुपरहिरोच्या कथेने वाचकाला हीच जागा दिली. नायकाचे गुपित जाणणारा त्याचा एकमेव विश्वासू सोबती म्हणजे वाचक, आणि नायिकेला ते कळावे असे त्याला वाटत असते तसेच कळू नये असेही वाटत असते.

कल्पना टिकली याचे दुसरे कारण व्यावहारिक आहे. सीगल यांनी १९४० मध्येच अशी एक कथा लिहिली होती की, जिच्यात सुपरमॅन लोइसला आपली ओळख सांगून टाकतो आणि दोघे सहकारी होतात. ती कथा प्रकाशनगृहाने छापली नाही. ज्याने हे गुपित निर्माण केले त्याला ते दोन वर्षांत संपवावेसे वाटले होते, आणि कॉमिक्सच्या मुख्य कथाप्रवाहात लोइसला ते सत्य कळायला १९९१ उजाडले. दर महिन्याला नवा अंक काढायचा असेल तर न सुटणारी गाठ फार उपयोगी पडते.

प्रश्न : पत्रकार असलेली, मोठमोठी गुपिते उघडकीस आणणारी लोइस शेजारच्या टेबलावरच्या माणसाला केवळ चष्म्यामुळे ओळखत नाही, हे मला लहानपणापासून खटकते. याला काही तरी समाधान आहे का?

उत्तर : काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण जणू लोइससाठीच केली असावी असे आपल्याप्रमाणे मलाही वाटत आले आहे. चष्म्याच्या बाजूने थोडे शास्त्र आहे, पण ते पुरे पडत नाही. यॉर्क विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना चेहऱ्यांच्या छायाचित्रांच्या जोड्या दाखवून ती एकाच व्यक्तीची आहेत का, असे विचारले. एका छायाचित्रात चष्मा आणि दुसऱ्यात नाही, अशी जोडी आली की उत्तरांची अचूकता सुमारे ६ टक्क्यांनी घसरली. मात्र हे चेहरे पाहणाऱ्यांना अनोळखी होते. रोज भेटणाऱ्या माणसाचा चेहरा आपण निराळ्याच सहजतेने ओळखतो, त्यामुळे हा प्रयोग रस्त्यावरच्या माणसांची बाजू सावरतो आणि लोइसला उघडी पाडतो.

खरे समाधान मला अभिनयात सापडले. १९७८ च्या ‘सुपरमॅन’ या चित्रपटात ख्रिस्तोफर रीव्ह यांनी क्लार्क आणि सुपरमॅन ही दोन निराळी माणसे उभी केली. क्लार्कचे खांदे पडलेले, आवाज वरच्या पट्टीतला आणि अडखळता, केसांचा भांगसुद्धा दुसऱ्या बाजूला. चष्मा हा त्या सोंगाचा सर्वांत लहान भाग आहे. लोइस फसते ती काचांमुळे फसत नाही. असा माणूस तसा असूच शकत नाही, अशी तिची पक्की समजूत झालेली असते, आणि एकदा माणसाविषयी समजूत बसली की आपण त्याच्याकडे नव्याने पाहणे सोडून देतो. हे दुर्दैवाने चष्म्याशिवायही घडते.

प्रश्न : ‘तुझ्या जिवाला धोका होऊ नये म्हणून मी तुला सांगितले नाही,’ हे वाक्य प्रत्येक नायक कधी ना कधी म्हणतोच. आपल्याला ते पटते का?

उत्तर : नाही, मला ते पटत नाही, आणि गंमत अशी की, या कथांनीच ते खोटे पाडलेले आहे.

जून १९७३ ची तारीख असलेला ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१ वा अंक घ्या. जेरी कॉनवे यांचे लेखन आणि गिल केन यांची चित्रे असलेल्या या अंकात पीटर पार्करच्या, म्हणजे मुखवट्याशिवायच्या स्पायडर-मॅनच्या, प्रेयसीचा, ग्वेन स्टेसीचा, मृत्यू होतो. अगोदरची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. ग्वेनचे पीटरवर प्रेम आहे, पण स्पायडर-मॅनचा ती द्वेष करते, कारण आपल्या वडिलांच्या मृत्यूला तोच कारणीभूत आहे असे तिला वाटते. लोइसच्या त्रिकोणाची ही बरोबर उलटी बाजू आहे. लोइसला वीर हवा आहे आणि साधा माणूस नको. ग्वेनला साधा माणूस हवा आहे आणि वीराचे नावही नको. तिच्या वडिलांना, कॅप्टन स्टेसींना, पीटरची खरी ओळख उमगलेली होती आणि मरताना त्यांनी तसे त्याला जाणवूनही दिले होते. म्हणजे वडिलांना ठाऊक आहे. ग्रीन गॉब्लिन म्हणजे नॉर्मन ऑस्बॉर्न या खलनायकालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त हिला.

पीटर घरी येतो तेव्हा ग्वेन तिथे नसते. तिची पर्स पडलेली असते आणि शेजारी गॉब्लिनची खूण असते. पुलाच्या उंच मनोऱ्यावरून तिला खाली ढकलले जाते, स्पायडर-मॅन आपल्या जाळ्याचा दोर सोडून तिचा पाय पकडतो, आणि त्या चौकटीत तिच्या मानेजवळ ‘स्नॅप’ हा लहानसा ध्वनिशब्द लिहिलेला आहे. तो तिला वर ओढून घेतो, आपण तिला वाचवले या आनंदात तिच्याशी बोलू लागतो आणि मग ती गेली आहे हे त्याच्या लक्षात येते. चार अंकांनंतर वाचकांच्या पत्रांच्या पानावर संपादकांनी मान्य केले की, वेगाने पडणारे शरीर एकदम थांबल्याचा झटका तिला बसला. या अंकाची चर्चा नेहमी त्या झटक्यावर येऊन थांबते. तो घातक असणार हे पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांनीही समजावून सांगितले आहे, आणि ती चर्चा महत्त्वाची आहे यात शंका नाही. माझे मन मात्र आणखी एका गोष्टीत अडकते. आपल्याला का पळवले गेले, हे ग्वेनला शेवटपर्यंत कळले नाही. धोका तिच्या वाट्याला पूर्ण आला, कारण शत्रूला सर्व माहीत होते. माहिती मात्र तिच्या वाट्याला आली नाही, म्हणून सावध राहण्याची, दूर जाण्याची किंवा जाणूनबुजून सोबत राहण्याची संधीही आली नाही. शत्रूपर्यंत पोहोचलेले गुपित प्रेयसीपासून लपवून ठेवणे याला रक्षण कसे म्हणायचे?

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट पुरावा १९८६ मधील डेअरडेव्हिलच्या ‘बॉर्न अगेन’ या कथामालेत आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांच्या या कथेत कॅरेन पेज ही मॅट मर्डॉकची, म्हणजे साध्या आयुष्यात वकील असलेल्या डेअरडेव्हिलची, जुनी प्रेयसी अमली पदार्थांच्या आहारी गेलेली असते. मॅटची ओळख तिला माहीत असते आणि एका मात्रेसाठी ती हे नाव विकून टाकते. माहिती फिरत फिरत किंगपिन या खलनायकापर्यंत जाते आणि तो मॅटची वकिली, बँकेतले पैसे, घर हे सर्व एकेक करून हिरावून घेतो. सांगितल्यामुळे काय होऊ शकते याचे याहून भीषण चित्र सुपरहिरोंच्या कथांत मला माहीत नाही. पण त्या कथेचा शेवट लक्षात घ्या. मॅट कॅरेनला दूर लोटत नाही. तिच्यामुळे आपले सर्वस्व गेले हे माहीत असूनही तो तिला जवळ करतो, आणि ते जवळ येणे खरे वाटते ते दोघांनाही एकमेकांविषयी सगळे ठाऊक असल्यामुळेच. पीटर आणि ग्वेन यांच्या नात्यात अशी एकही चौकट येऊ शकली नाही.

म्हणून मला वाटते की, ‘तुझ्यासाठी’ हे वाक्य नायकाच्या तोंडी आले की त्याच्या मनात खरोखर कसली भीती आहे ते शोधावे. पिंपर्नेलच्या कादंबरीत हे फार उघडपणे आणि सुंदर लिहिले आहे. पर्सी पत्नीपासून ओळख लपवतो, कारण तिच्या बोलण्यामुळे एक उमराव कुटुंब गिलोटिनवर गेले असे त्याच्या कानावर आलेले असते आणि तिच्यावरचा त्याचा विश्वास उडालेला असतो. त्याचे प्रेम मात्र उडालेले नसते. एका मध्यरात्री दोघांत बोलणे होते, तो थंड शिष्टाचाराने तिला निरोप देतो, आणि ती आत गेल्यानंतर गुडघ्यांवर बसून, तिची पावले जिथे पडली त्या पायऱ्यांचे चुंबन घेतो. विश्वास नाही म्हणून सांगत नाही, आणि प्रेम आहे म्हणून राहवत नाही. भावाचा जीव वाचवण्यासाठी मार्गरिट त्याच सुमारास त्या अज्ञात वीराचा माग शत्रूला देऊन बसते. तो आपलाच नवरा आहे हे तिला ठाऊक नसते. गुपिताने इथेही रक्षण केलेले नाही. उलट, गुपितामुळेच घात झाला.

प्रश्न : वेताळाच्या कथांत डायनाला सर्व माहीत असते, तरी त्या कथा आम्ही तितक्याच आवडीने वाचल्या. मग गुपिताची गरजच काय?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. ली फॉक यांचा फँटम, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्सच्या वाचकांचा वेताळ, १९३६ मध्ये, सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी आला. सुरुवातीला फॉक यांच्या मनात जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, ऐषआरामी तरुण म्हणजेच फँटम असे दाखवण्याचे होते आणि तो डायना पामरच्या मागे असलेल्यांपैकी एक होता. तो बेत पुरा झाला असता तर तिथेही हाच त्रिकोण उभा राहिला असता. फॉक यांनी तो सोडून दिला, फँटमला जंगलात आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या परंपरेत नेले, आणि त्याचा चेहरा जगापासून लपवला तरी डायनापासून मन लपवले नाही. त्या दोघांच्या प्रेमात अडथळा आला तो अंतराचा आणि कर्तव्याचा. विवाह व्हायला १९७७ साल उजाडले, हे खरे. पण त्या चार दशकांत नायक तिला फसवत आहे असे वाचकाला कधी वाटले नाही.

प्रश्न : नेहमी पुरुषच लपवतो आणि स्त्रीच फसते, असे का? उलट असलेली उदाहरणे आहेत का?

उत्तर : आहेत, आणि पहिले फार लवकरचे आहे. विल्यम मोल्टन मार्स्टन यांची वंडर वुमन १९४१ च्या अखेरीस आली. जखमी वैमानिक स्टीव्ह ट्रेव्हरसाठी ती आपले बेट सोडते, आणि त्याच्याजवळ राहता यावे म्हणून परिचारिकेची ओळख घेते. ती ओळख ती चक्क विकत घेते. रुग्णालयाबाहेर तिला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी डायना प्रिन्स नावाची परिचारिका रडताना भेटते. तिचा वाग्दत्त वर दक्षिण अमेरिकेत नोकरीला गेलेला असतो आणि त्याच्याकडे जाण्याइतके पैसे तिच्याजवळ नसतात. वंडर वुमन तिला पैसे देते आणि बदल्यात तिचे नाव व नोकरी घेते. एका स्त्रीचे प्रेम मार्गी लावून दुसरीने आपल्या प्रेमासाठी मुखवटा मिळवला, ही कल्पना मला आजही मोहवते. पुढे मात्र क्लार्कचेच दुःख तिच्या वाट्याला येते. स्टीव्ह वंडर वुमनच्या आठवणीत रमलेला असतो, उशाशी उभ्या असलेल्या परिचारिकेकडे त्याचे लक्ष नसते आणि डायना स्वतःच्याच दुसऱ्या रूपाचा मत्सर करू लागते.

दोन्ही बाजूंनी मुखवटा असलेले उदाहरण घरातल्या मुलांना विचारा, ती लगेच सांगतील. २०१५ पासून सुरू असलेल्या ‘मिरॅक्युलस’ या फ्रेंच ॲनिमेशन मालिकेत मारिनेतचे एड्रियनवर प्रेम आहे आणि कॅट नॉयरचे लेडीबगवर. लेडीबग म्हणजेच मारिनेत आणि कॅट नॉयर म्हणजेच एड्रियन, त्यामुळे माणसे दोन आणि नाती चार अशी रचना तयार होते. प्रत्येकजण ज्याला नाकारतो त्याच्यावरच त्याचे प्रेम असते. लहान मुलांसाठीच्या कथेत इतकी नेटकी बांधणी क्वचित पाहायला मिळते. कोणी एकटा फसवत नाही आणि कोणी एकटा फसत नाही, म्हणून तिथे मन कडू होत नाही.

प्रश्न : ओळख लपवून एखाद्या व्यक्तीशी प्रेमाचे नाते जोडणे ही फसवणूक नव्हे काय? या कथा तिला गोड करून दाखवतात, याचा मला त्रास होतो.

उत्तर : आपला त्रास मला रास्त वाटतो. मी मात्र लपवण्याचे दोन प्रकार वेगळे करीन. एका प्रकारात नायक गप्प राहतो, आणि त्याची किंमत तो स्वतः मोजतो. नृत्याच्या त्या रात्री भेकड ठरलेला क्लार्क हा या प्रकारातला आहे. लोइसने तिरस्कार केला तरी तो ऐकून घेतो. दुसऱ्या प्रकारात नायक आपल्याजवळचे ज्ञान तिच्याविरुद्ध वापरतो. एका रूपात तिच्या मनातले काढून घ्यायचे आणि दुसऱ्या रूपात त्याचा लाभ उठवायचा, किंवा तिने सत्य ओळखले की युक्तीने तिलाच खोटे पाडायचे. लोइसच्या नावाने १९५८ ते १९७४ या काळात जी स्वतंत्र कॉमिक्स मालिका चालली, तिच्यात हा दुसरा प्रकार वारंवार आढळतो, आणि तिथे सुपरमॅनविषयी माझ्या मनात आदर उरत नाही.

सर्वांत जास्त खुपणारा प्रसंग १९८० च्या ‘सुपरमॅन टू’ या चित्रपटाच्या शेवटी आहे. लोइसला सत्य कळलेले आहे, तिच्याबरोबर राहण्यासाठी त्याने आपल्या शक्तींचा त्याग केलेला आहे आणि जगाच्या संकटामुळे त्या परत घेतलेल्या आहेत. हे सर्व मनात ठेवून कामावर येणे तिला असह्य झाले आहे, असे ती त्याला सांगते. तो तिचे चुंबन घेतो आणि त्या चुंबनाने तिची स्मृती पुसली जाते. दिग्दर्शकाला हा त्याग वाटला असावा. मला त्यात अन्याय दिसतो. दुःख तिचे होते, ते सोसायचे की विसरायचे हे तिने ठरवायला हवे होते, आणि तिला कोणी विचारलेच नाही. त्या क्षणानंतर ती पुन्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला न ओळखणारी लोइस होते, या वेळी स्वतःचा काही दोष नसताना.

याच्या शेजारी कॉमिक्समधला उलगडा ठेवून पाहा. १९८६ मध्ये सुपरमॅनची कथा नव्याने मांडताना क्लार्क हा खरा माणूस आणि सुपरमॅन हे त्याचे काम, अशी बैठक जॉन बर्न यांनी घातली होती. त्याच बैठकीवर पुढे १९९० च्या अखेरीस क्लार्क लोइसला लग्नाचे विचारतो आणि ती होकार देते. तो सुपरमॅन आहे हे तिला अजून माहीत नाही. होकार मिळतो तो चष्मा लावणाऱ्या बातमीदाराला. त्यानंतर, १९९१ च्या आरंभी आलेल्या अंकात, लग्नाआधी तिला सर्व कळलेच पाहिजे या जाणिवेने तो शर्ट उघडून छातीवरचे चिन्ह दाखवतो. शाळकरी सीगलच्या मनातल्या प्रश्नाला त्रेपन्न वर्षांनी मिळालेले हे उत्तर वाचताना मी हळवा झालो होतो, हे इथे मोकळेपणाने लिहितो.

प्रश्न : मी स्वतः एक सुपरहिरोची दीर्घकथा लिहीत आहे. माझी नायिका शल्यचिकित्सक आहे. एका रात्री मुखवटा घातलेला जखमी नायक तिच्याकडे येतो आणि ती त्याच्या दंडावर टाके घालते. प्रत्यक्षात तो तिच्याच रुग्णालयात काम करतो आणि दोघांची मैत्री आहे. तिला सत्य कधी कळावे? लवकर कळले तर कथेतला रस संपेल, अशी भीती वाटते.

उत्तर : ही भीती प्रकाशकांनाही पन्नास वर्षे वाटत होती. लोइसला सत्य कळल्यानंतर कथा संपली नाही. लग्न १९९६ मध्ये झाले आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे कथा येत राहिल्या. रस संपतो तो बहुधा उलगडा फार लांबवल्याने. वाचक जिला हुशार समजतो, तिला ढळढळीत गोष्ट दिसत नाही असे चौथ्यांदा झाले की वाचकाचा तिच्यावरचा आणि लेखकावरचाही विश्वास उडतो.

न सांगण्याचा क्षण कसा रंगवावा याचा वस्तुपाठ १९७८ च्या चित्रपटातच आहे. सुपरमॅनबरोबर आकाशात फिरून आल्यावर भारावलेली लोइस घरात आहे, आणि ठरल्याप्रमाणे क्लार्क तिला न्यायला येतो. ती आतल्या खोलीत जाते. तो एकटा उभा असतो. चष्मा काढतो, पाठ सरळ करतो, आणि कॅमेरा न हलता, कपडे न बदलता तो माणूस आपल्या डोळ्यांसमोर उंच होतो. आवाज खाली येतो, तो तिला काही सांगायचे आहे असे म्हणू लागतो, आणि ती परत येताच खांदे पुन्हा पडतात, चष्मा पुन्हा चढतो. सांगावेसे किती वाटते आहे हे त्या काही सेकंदांत दिसते, म्हणून न सांगणे क्षम्य वाटते. आपल्या नायकालाही असा एक क्षण अवश्य द्या, पण एकच द्या.

उलगड्याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. त्याने सांगण्यापेक्षा तिने ओळखावे. दमयंतीने बाहुकाच्या वेषातल्या नलाला शोधले ते असेच. चेहरामोहरा पार बदललेला होता, म्हणून तिने दासीला त्याच्यावर नजर ठेवायला सांगितले, त्याने रांधलेले अन्न मागवून चाखले, आणि हाताची चव ओळखली. पीटर पार्करची मैत्रीण मेरी जेन हिनेही १९८४ मधील एका अंकात त्याला आपणहून सांगितले की, तो स्पायडर-मॅन आहे हे आपल्याला केव्हापासूनच ठाऊक आहे. त्या एका वाक्याने आधीची कितीतरी वर्षे नव्याने वाचावी लागतात, कारण इतके दिवस मुखवटा फक्त पीटरच्या चेहऱ्यावर आहे असे आपण समजत होतो.

आपण तर नायिकेच्या हाती सुईदोरा दिलेलाच आहे. शल्यचिकित्सकाला स्वतःच्या हातचे टाके ओळखू येतात. गाठ मारण्याची पद्धत, दोन टाक्यांमधले अंतर, सर्व तिच्या बोटांच्या सवयीतले असते. दहा दिवसांनी तो मित्र हात धुण्यासाठी बाही वर सरकवील तेव्हा तिला ते दिसू द्या. तिला किंचाळायला लावू नका, रडायलाही नको. टॉवेल पुढे करत तिने इतकेच म्हणावे, ‘टाके काढायला झालेत. उद्या सकाळी ये, गर्दी नसते,’ आणि पुढच्या रुग्णाकडे जावे.